‘मी’ म्हणजे कोण?

दाराची बेल वाजते. आतून विचारणा होते, “कोण आहे?” बाहेरून उत्तर येतं, “मी!” आणि दार उघडतं. ‘मी कोण’ या एका प्रश्नापायी ऋषिमुनींनी अरण्यं गाठली, भाष्यांवर भाष्यं झाली, तरी निकाल लागला नाही. आपल्याकडे कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभा असलेला गृहस्थ तो एका अक्षरात निकालात काढतो. या उत्तराची गंमत अशी की ते शंभर टक्के खरं असतं आणि त्यातून कळत काहीच नाही. चोराला विचारलं तर तोही ‘मी’च म्हणेल, आणि खोटं बोलल्याचा आरोप त्याच्यावर ठेवता येणार नाही. तरी दार उघडतं, कारण आपण आवाज ओळखला अशी आतल्या माणसाची ठाम समजूत असते. ही समजूत जरा तपासून पाहण्यासारखी आहे. पावणेसातला कोथिंबीर येणार हे घरात ठाऊक असतं, म्हणून पावणेसातचा ‘मी’ ओळखीचा वाटतो. तोच गृहस्थ डोकं दुखतंय म्हणून दुपारी दोनला घरी आला, तर तोच आवाज, तेच दार, तीच बायको. पण संवाद लांबतो. “कोण?” “मी.” “मी कोण?” “अगं, मी!” “अहो, पण मी म्हणजे कोण?” दर खेपेला ‘मी’ची पट्टी चढत जाते, जणू ओरडण्याने ओळख वाढते. शेवटी साखळी लावून दार बोटभर किलकिलं होतं आणि नवऱ्याची खातरजमा चेहऱ्यावरून होते. म्हणजे पावणेसातला दार उघडलं ते कानाने नव्हे, घड्याळाने. कान हा कचेरीतल्या बड्या साहेबासारखा आहे. टिपण खालूनच तयार होऊन येतं. तो फक्त सही करतो.

फोनवर तर सहीची घाई आणखी वाढते, कारण तिथे साखळी लावायची सोय नाही. खरं म्हणजे ज्याने फोन केला त्याने आधी नाव सांगावं, इतका साधा नियम पुरला असता. पण पत्राच्या तळाशी नाव लिहायची सवय आपल्यात इतकी मुरली आहे की फोनवरही नाव शेवटीच येतं, आलं तर. “हॅलो, कोण बोलतंय?” असं फोन करणाराच दरडावून विचारतो. “आपण कोण?” “तुम्ही कोण ते सांगा ना.” “अहो, फोन तुम्ही केलाय.” “केलाय, पण लागलाय कुणाला ते कळायला नको?” जो आधी नाव सांगेल त्याच्या घरावर जप्ती येणार असल्यासारखे दोघे अडून बसतात. फोन उचलल्यावर काय म्हणावं, याचा विचार काही कमी झालेला नाही. ग्रॅहॅम बेलला ‘अहॉय’ हवं होतं, एडिसनने ‘हॅलो’ रुजवलं, आणि २०२२ च्या गांधी जयंतीपासून महाराष्ट्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं. तिन्ही संबोधनं आपापल्या जागी थोर आहेत. बोलतंय कोण, हे मात्र तिन्हींतून कळत नाही.

याहून भयंकर जात म्हणजे “ओळखलंस का?” वाली. ही मंडळी तोंडी परीक्षा घ्यायलाच फोन करतात. “ओळखलंस का?” “आवाज ओळखीचा वाटतोय...” “मग सांग बघू!” इथे प्रामाणिक उत्तर दोनच शब्दांचं आहे: ‘नाही ओळखलं’. पण मराठीत याहून अवघड दोन शब्द नाहीत. ते तोंडातून बाहेर पडण्याऐवजी बाहेर पडतं, “अरे! तू होय! किती दिवसांनी!” आणि मग गळ टाकून बसायचं. “सध्या कुठे?” “तिथेच.” “घरचे काय म्हणतात?” “मजेत.” “आणि... बाकीचे?” “बाकीचेही मजेत.” मासा गळाला लागत नाही, उलट आपणच ओढले जातो. दहा मिनिटांनी फोन ठेवल्यावर बायको विचारते, “कोण होतं?” “ते काही कळलं नाही. पण सोळा तारखेला त्याच्या मुलीचं लग्न आहे, आपल्याला जायचंय.” माझा सगळा मुद्दा या लग्नाच्या आमंत्रणात आहे. आवाजावरून माणूस ओळखताना आधी अपेक्षा काम करते, मागून भीड काम करते, आणि मध्ये बिचारा कान नावाला उभा असतो. फसवणूक झाली की खापर कानावर फुटतं. पण बहुतेक वेळा तो फुकट मार खातो. गंमत म्हणजे ज्यांचा आवाज अख्खा महाराष्ट्र ओळखत होता, त्यांनी असा पेपर कधी काढला नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत, तेव्हा पहिल्याच शब्दाला घराघरांत माणसं ओळखत; तरी बातम्यांच्या आधी रोज नाव सांगितलं जायचंच. ज्यांना नाव सांगायची गरज नव्हती ते सांगत होते, आणि ज्यांचा आवाज त्यांच्या वाण्यालाही ओळखू येत नाही ते ‘मी बोलतोय’ म्हणून गप्प बसतात.

कानाच्या बाजूने एवढं सांगायला हवं की त्याला मिळणारा मालच कापलेला असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो, बायकांचा दोनशेच्या. म्हणजे बाबांच्या आवाजाचा पायाच एक्स्चेंजच्या दारात अडवला जातो आणि पलीकडे पोचतात ते नुसते वरचे मजले. त्या मजल्यांवरून पाया केवढा असेल याचा अंदाज मेंदू बांधतो, आणि आपल्याला बाबा सगळेच्या सगळे ऐकू आल्यासारखे वाटतात. वरच्या अंगालाही अशीच कात्री लागते. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळं करणारी सळसळ बरीचशी तिकडेच राहते, म्हणून आडनाव सांगताना “एस, एस! एस फॉर सातारा! एफ नाही हो, एफ फॉर फलटण वेगळं!” असा एकाच जिल्ह्यात धावा करावा लागतो. त्यात घराण्याचा घसा सारखा. घशाची ठेवण वारशाने येते, बोलण्याची ढब ऐकून ऐकून चिकटते, आणि मग “काय रे बंड्या, काल रात्री बिल कुणी भरलं?” या प्रश्नाला “बंड्याचे वडील बोलतायत” असं शांत उत्तर मिळतं. घरात एकच फोन होता त्या काळात मुलीसाठी जुळवून ठेवलेली किती वाक्यं तिच्या आईला ऐकवली गेली असतील, याची गणती नाही. आईनेही ती पूर्ण ऐकून घेतली आणि मगच “देते हं तिला” म्हटलं, ही त्यातली खरी क्रूरता.

पण आवाज कापलेला नसला, समोरासमोरच्या अरण्यातला असला, म्हणून काही फरक पडतो असंही नाही. आपल्याकडे याचे दाखले थेट रामायणापासून आहेत. दशरथाने घागर बुडाल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितोय असं ठरवलं आणि बाण सोडला. शिकारीला निघालेल्या माणसाला हत्तीच ऐकू येणार. मारीचाची गोष्ट त्याहून आजची आहे. त्याने मरताना हुबेहूब रामाच्या आवाजात सीतेच्या आणि लक्ष्मणाच्या नावाने हाक मारली. सीता घाबरली. लक्ष्मण मात्र शांत होता. हा दादाचा आवाज नाही, ही राक्षसाची माया आहे, असं त्याने सांगितलं. म्हणजे आवाजाची पडताळणी त्याने जागच्या जागी, कुठल्याही यंत्राशिवाय, अचूक केली होती. पुढे काय झालं? वहिनीचे चार कडवट शब्द आले आणि तो उठून चालू लागला. ओळखण्यात तो चुकला नाही. भिडेला बळी पडला. आजकाल मोबाइलवर मुलाच्या रडक्या आवाजात जो फोन येतो त्याची रचना तंतोतंत हीच असते. “आई, मला पोलिसांनी धरलंय, लगेच पैसे पाठव, आणि बाबांना सांगू नकोस!” त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. लक्ष्मणाला आधी पर्णकुटीबाहेर काढायचं असतं.

भिडेची सर्वांत महागडी पावती दिल्लीत फाटली. २४ मे १९७१ रोजी स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतल्या मुख्य रोखपालांना फोन आला. आधी पंतप्रधानांच्या सचिवांच्या नावाने, मग खुद्द इंदिरा गांधींच्या आवाजात. बांगलादेशसंबंधी गुप्त कामासाठी साठ लाख रुपये हवेत, माणूस वाटेत भेटेल, तो ‘बांगलादेश का बाबू’ म्हणेल, तुम्ही ‘बार अ‍ॅट लॉ’ म्हणायचं. रोखपाल साठ लाखांची रोकड बँकेच्या गाडीत घालून निघाले, ठरलेल्या शब्दांची देवाणघेवाण झाली, नगरवाला नावाचे गृहस्थ पैसे घेऊन गेले, आणि पावती मागायला रोखपाल पंतप्रधानांकडे पोचले तेव्हा कळलं की असा फोन कुणी केलाच नव्हता. नगरवाला त्याच दिवशी सापडला, बहुतेक रक्कमही सापडली. बाईंचा आवाज आपणच काढला, असा त्याचा कबुलीजबाब. पुढे प्रकरणाला फाटे फुटले, १९७७ मध्ये न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांचा आयोगही बसला. त्या खोलात शिरायचं कारण नाही. आपल्यापुरता प्रश्न एवढाच की एका निवृत्त लष्करी पुरुषाने काढलेला आवाज देशाच्या पंतप्रधानांचा वाटला, हे काय नकलेचं यश होतं? त्या क्षणी रोखपालाच्या जागी स्वतःला उभं करून पाहावं. “बाई, आपणच इंदिरा गांधी कशावरून?” हे वाक्य १९७१ साली कोण उच्चारणार? आपण तर “ओळखलंस का” म्हणणाऱ्या कुठल्याशा दूरच्या माणसालाही ‘तू कोण’ असं विचारू शकत नाही.

आता कुणी म्हणेल की हे सगळे अपवाद आहेत, आणि ज्याला खरोखर लक्ष देऊन ऐकायचं आहे तो आवाज विसरत नाही. या आक्षेपाला अमेरिकेत उत्तर मिळालं आहे. विमानवीर लिंडबर्ग याच्या तान्ह्या मुलाचं १९३२ मध्ये अपहरण झालं. खंडणी देताना दफनभूमीपाशी मोटारीत बसलेल्या लिंडबर्गने अंधारातून आलेले एकदोन शब्द ऐकले. १९३५ मध्ये खटल्यात त्याने साक्ष दिली की तो आवाज याच आरोपीचा, हाउप्टमनचा. खंडणीच्या नोटांसारखा इतर पुरावा होताच; पण जवळजवळ तीन वर्षांपूर्वीचे एकदोन शब्द लक्षात राहतात का, या कुतूहलाने फ्रान्सिस मॅकगेही या संशोधिकेने प्रयोग केले आणि १९३७ मध्ये छापले. न दिसणाऱ्या माणसाचं वाचन ऐकवायचं आणि काही काळाने पाच आवाजांतून तो निवडायला सांगायचा. दुसऱ्या दिवशी ८३ टक्के लोकांनी बरोबर ओळखला. पाच महिन्यांनी १३ टक्क्यांनी. पाच आवाजांच्या चिठ्ठ्या टाकून डोळे मिटून एक उचलली असती, तरी वीस टक्के बरोबर आले असते. म्हणजे पाच महिन्यांनंतर आठवण ही नुसती निरुपयोगी नाही, ती नशिबाच्याही आड येते.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे: बाळ आईचा आवाज ओळखतं ना? ओळखतं. १९८० मध्ये डिकास्पर आणि फायफर या दोघांनी जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात बूच दिलं. ठरावीक लयीत चोखलं तर आईचा आवाज ऐकू येई, नाहीतर परक्या बाईचा. नाव ठेवलेलं नाही, बारशाचे पेढे यायचेत, अशा वयात त्या महाशयांनी लय बदलून आई मागवून घेतली. तिकडे अंटार्क्टिकात सम्राट पेंग्विनची मादी अंडं नराच्या पायांवर सोपवून समुद्रावर जाते आणि दोन-अडीच महिन्यांनी परतते तेव्हा हजारो नर एकाच शिंप्याकडचा काळा कोट घालून उभे असतात. घरटं नाही, पत्ता नाही, नावाची पाटी नाही. ती हाकेवरून आपला नवरा शोधते. पेंग्विनच्या घशातून एकाच वेळी दोन सूर निघतात, आणि त्या दोन सुरांच्या मेळावर ओळख पटते. हे दाखले आक्षेपकाने माझ्याविरुद्ध आणले असले तरी मी ते आनंदाने ठेवून घेतो. बाळाला आणि पेंग्विनला भीड नसते. परक्या बाईचा आवाज आला तर बाळ “आवाज ओळखीचा वाटतोय” असं म्हणून वेळ मारून नेत नाही, भोकाड पसरतं. आणि भलत्याच नराने हाक घातली तर मादी “अय्या, तुम्ही होय! किती दिवसांनी!” असं म्हणून त्याच्या शेजारी थांबत नाही.

माणसाला भिडेतून सोडवणारी जागा एकच, न्यायालय. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रितेश सिन्हा खटल्यात ठरवलं की दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४९ व्या कलमात आता तशी तरतूदच आहे. मात्र नमुना देताना माणूस जो आवाज काढतो तो त्याच्या आयुष्यात आधी किंवा नंतर कुणी ऐकलेला नसतो. “साहेबांचं बघावं लागेल, चहापाण्याचं बोलून घ्या” हे वाक्य टेबलाखालून ज्या लडिवाळपणे आलेलं असतं, तेच पंचांसमोर शाळेतल्या प्रतिज्ञेच्या चालीत येतं. पुढाऱ्यांचं त्याहून निराळं. त्यांची क्लिप गावभर फिरते, चहाच्या टपरीवरचं पोरगंसुद्धा आवाज ओळखतं, आणि एकटे साहेब म्हणतात, “तो आवाज माझा नाही.” लोक हसतात. पण शास्त्र इथे साहेबांच्या बाजूचं आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं त्याला भरदार करून देतात; रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा गळतो आणि भलताच किरटा इसम बोलताना ऐकू येतो. तेव्हा ‘तो आवाज माझा नाही’ हे त्यांच्या कारकिर्दीतलं बहुधा एकमेव प्रामाणिक निवेदन असावं.

मग हे काम यंत्रावर सोपवावं, असं ठरलं. बेल प्रयोगशाळेतल्या लॉरेन्स कर्स्टा यांनी १९६२ मध्ये आवाजाच्या आलेखाला ‘व्हॉइसप्रिंट’ म्हणून बोटांच्या ठशाच्या शेजारी बसवलं. १९७९ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समितीने तपासून सांगितलं की जरा सबुरीने घ्या. आपल्याकडे समिती न नेमताही हे कळलं असतं. अंगठा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तोच असतो, आवाज नसतो. आवाजावर बँकेचं खातं उघडत असतं, तर मिरवणुकीनंतरच्या सकाळी निम्मं पुणे आपापल्या खात्याबाहेर उभं राहिलं असतं. तरी बँका थांबल्या नाहीत. एका मोठ्या ब्रिटिश बँकेने २०१६ मध्ये ‘माझा आवाज हाच माझा पासवर्ड’ अशा अर्थाचं वाक्य म्हणवून खातं उघडून द्यायला सुरुवात केली. वर्षभरात बीबीसीच्या एका बातमीदाराच्या जुळ्या भावाने ते उघडून दाखवलं. तोही एकसारखा जुळा नव्हे. सात वेळा यंत्राने नाही म्हटलं, आठव्या वेळी हो म्हटलं. पैसे काढता आले नाहीत, पण शिल्लक दिसली. आपल्या बँकेत स्वतःचीच सही स्वतःच्याच सहीशी जुळत नाही म्हणून काउंटरवरून परत पाठवतात. तिथे सात वेळा चुकलेल्याला यंत्राने आठव्यांदा आत घेतलं. यंत्रालाही भीड लागली म्हणायची. आता तर दुसरं यंत्र काही सेकंदांच्या नमुन्यावरून हवा तो आवाज बनवून देतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका ऊर्जा कंपनीच्या प्रमुखाने जर्मन साहेबांच्या फोनवरून २,२०,००० युरो पाठवून दिले. साहेबांच्या बोलण्यातला जर्मन हेल त्याला स्पष्ट ओळखू आला होता. ओळखण्यात त्याचंही चुकलं नव्हतं. हेल साहेबांचाच होता, फक्त साहेब नव्हते.

म्हणून हल्ली जाणकार सल्ला देतात की घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. संकटाचा फोन आला की आधी तो विचारा. सल्ला चांगला आहे, ‘बार अ‍ॅट लॉ’ची आठवण फार ताजी नसली तर. शब्द ठरवायला एक रविवार जातो. देवाचं नाव नको, ते कुणीही ओळखेल. मांजराचं नको, ते मुलीच्या इन्स्टाग्रामवर आहे. शेवटी ‘सुरळीची वडी’वर एकमत होतं आणि सगळे निर्धास्त झोपतात. चार महिन्यांनी मुलाचं पाकीट मनमाडच्या फलाटावर मारलं जातं आणि तो कुणाच्या तरी मोबाइलवरून घरी फोन लावतो.

“आई, पाकीट गेलं, या नंबरवर पाचशे पाठव.”

“आधी शब्द सांग.”

“कसला शब्द?”

“ठरलाय तो.”

“अगं, काहीतरी खायचं होतं... कोथिंबीरवडी?”

“नाही.”

“आई, गाडी सुटतेय! मी आहे, मी!”

“मी कोण?”

“अगं, मी!”

“थांब, बाबांना देते.”

“कोण आहे गं?”

“कोण जाणे. मी आहे म्हणतोय.”